सावलीवरचा पाय

फार जुनी गोष्ट. एका रानात वानरांची टोळी सुखानं राहत होती. पुढे दुसऱ्या मुलखातून तिथं एक वाघ आला. मान बैलासारखी, पंजा सुपाएवढा. झाडावर चढणं काही त्याला जमत नव्हतं, पण तशी गरजच पडत नसे.

भर दुपारी, पाखरूसुद्धा बोलत नाही अशा वेळी, तो झाडांखालून सावकाश फिरे. फांदीवरच्या वानराची सावली जमिनीवर दिसली की तिच्यावर पाय ठेवी आणि वर बघे. बस्स, एवढंच. वरचं वानर कापायला लागे आणि पिकलं फळ गळावं तसं खाली पडे. ओरडतसुद्धा नसे बिचारं. वाघानं सावली दाबली की जीव त्याचाच, असं सगळी टोळी म्हणू लागली. दुपारभर जो तो आपल्या सावलीकडे डोळे लावून बसे, आणि रोज एक जण कमी होई.

त्या टोळीत एक वानरीण होती. तिच्या पोटाशी लहानगं पिल्लू होतं. एके दुपारी तिची सख्खी बहीण शेजारच्या फांदीवरून पडली. वानरीण ऊर फुटेपर्यंत रडली, पण एक गोष्ट काही तिच्या मनातून जाईना. वाघाचा पंजा सावलीपासून चांगला हातभर लांब होता. तरी बहिणीचे हात सुटले होते!

तिनं हे म्होरक्याला सांगितलं. तुझं डोकं फिरलंय, म्हणून त्यानं तिला गप्प बसवलं. पण गप्प बसून कसं चालेल? आता तिच्या पिल्लावरच बेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच तळ्याकाठच्या जांभळीवर गेली. तळं आटून नुसता गाळ उरला होता आणि वर हिरवंगार शेवाळ धरलं होतं. परक्याला ते कुरणच वाटावं. पण गेल्या साली त्या गाळात अख्खी रानम्हैस गडप झालेली तिनं पाहिली होती. गाळावर झुकलेल्या फांदीच्या टोकाला ती बसली. मायलेकरांची मिळून एकच सावली त्या हिरव्यावर पडली. टोळीचंच खरं निघालं तर? तिनं फांदी आणखी घट्ट धरली.

वाघ आला. काठाशी थांबून त्यानं वर पाहिलं. पिल्लू खाली वाकायला लागलं.

"खाली बघायचं नाही," ती हळूच म्हणाली. "माझ्या तोंडाकडे बघ, आणि घट्ट धर."

तिनं स्वतःही डोळे मिटून घेतले. वाघ गुरगुरला, मग डरकाळला. ती हलेना. असं आजवर कधी झालं नव्हतं. वाघाचं पित्त खवळलं आणि त्यानं सगळ्या अंगानिशी त्या सावलीवर उडी घेतली.

बुळुक असा आवाज झाला. तो जितका जोर लावी तितका खाली जाई. शेवटी नुसते डोळे उरले, वर बघणारे. मग शेवाळ पुन्हा सारखं झालं.

टोळी दबकत गोळा झाली. म्होरक्यानं खालच्या आवाजात विचारलं, "त्यानं तुझी सावली दाबली, तेव्हा तुला काहीच झालं नाही?"

"कधी दाबली ते मला कुठे कळलं?" वानरीण म्हणाली. "मी फांदी धरून बसले होते."

तात्पर्य: बलाढ्य शत्रूची अर्धी ताकद आपल्या भीतीत असते. डोकं शाबूत ठेवून ती काढून घेतली, की उरलेली अर्धी त्यालाच बुडवते.