उजवा दिवा

सभापती दौलतराव आपल्या वीस वर्षं जुन्या गाडीची दर दसऱ्याला पूजा करत. दिव्यांच्या काचांवर लावलेलं हळदकुंकू मात्र कुणाला पुसू देत नसत.

"दिवे मंद पडलेत. सगळ्यात जास्त पॉवरचे बल्ब टाक!" त्यांनी गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या शेवंताला फर्मावलं.

"जुनं वायरिंग जळेल, साहेब."

"मला शिकवू नकोस!"

दौलतराव पाठमोरे फोनवर बोलत असताना शेवंताने डावीकडे नवा बल्ब बसवला, उजवीकडेही काहीतरी खुडबुड केली. मग गॅरेजचं शटर ओढून अंधार केला आणि दोन्ही दिवे लावले. "सांगा, नवा बल्ब कुठला?"

"उजवा! आंधळाही सांगेल."

"तो तुमचा जुनाच आहे. मी फक्त काच घासली."

"अगं, ते पूजेचं कुंकू होतं!"

"देवापुढची समईसुद्धा घासूनच लावतात, साहेब."