गारठलेली जीप आणि म्हैस

चहा गार होतोय, आणि म्हणे गोष्ट सांगा! ऐका मग.

लई वर्षांपूर्वी निफाडच्या थंडीत एक जीप गारठली. त्या दिवशी सुरू झाली नाही, तर मालक तिला भंगारात देणार होता.

इंजिन ऑइलवर खेकसलं, “हल की, आळशा!”

“दादा, तुपासारखा थिजलोय. जरा ऊन येऊ दे.”

“ऊन? मी काय पापड आहे? बॅटरीबाई, दे झटका!”

झटके देऊन देऊन बॅटरी गपगार पडली. मग ऊन आलं, ऑइल पातळ झालं, पण झटका द्यायला कुणी उरलं नाही. शेवटी मालकानं म्हैस जुंपली. ओढता ओढता जीप सुरू झाली.

“बघितलास माझा जोर?” इंजिन गुरगुरलं. म्हैस नुसती शेण टाकून गेली.

बॅटरीची माफी इंजिनानं अजून मागितलेली नाही. माझी तरी कुठं मागितलीय त्या शेजारच्या कचरू आहेरानं, मलाही असंच घाईघाईनं राबवून घेतलं तरी?