समोरच्या शेठचा अभिप्राय

एका बाजारपेठेच्या गावी एकदा एक तरुण स्त्री मसाल्याचे दुकान चालवत असे. मिरचीचे देठ खुडायला आणि दगडफुलाला चिकटलेली झाडाची साल काढायला तिने बायका बसवल्या होत्या. साहजिकच तिचा मसाला समोरच्या शेठच्या मसाल्यापेक्षा महाग पडे. गिऱ्हाईक भाव विचारी, भुवया उंचावी आणि रस्ता ओलांडून पलीकडे जाई. येत्या उन्हाळ्याचा हंगाम हातचा गेला तर दुकानाला कुलूप लागणार, हे तिला स्वच्छ दिसत होते.

कुणीतरी सुचवले, पुस्तक काढ; पुस्तक लिहिणाऱ्याच्या दुकानी लोक आपण होऊन येतात. ती शिकलेली होती, लिहिता येत होते. तरी लिहावे की लिहू नये, हे ठरवण्यातच तिचा सबंध पावसाळा गेला. अखेर थंडीत, कडेवर तान्हे मूल आणि हातात हस्तलिखिताचे बाड घेऊन ती आपल्या वृद्ध गुरुजींकडे गेली.

"वाचून सांगा, गुरुजी. वाईट असेल तर जरा हळू सांगा."

गुरुजींनी बाड घेतले, पण उघडले नाही. चपला पायात सरकवून ते थेट बाजारात गेले आणि समोरच्या शेठच्या पुढ्यात ते ठेवून म्हणाले, "शेठ, छापण्याआधी एकदा नजर घाला."

शिष्या मागोमाग धावत आली. परतताना ती म्हणाली, "अहो गुरुजी, दुसरं कुणी नव्हतं का?"

"याच्याइतकं लक्षपूर्वक कोण वाचणार होतं?"

दोनचार दिवसांनी शेठ स्वतः बाड घेऊन गुरुजींच्या ओसरीवर आला. तीही तिथेच होती. शेठची मुद्रा प्रसन्न होती. "ताई, वाचताना डोळे भरून आले. तुमचे कष्ट, तो शाल-श्रीफळाचा फोटो, 'शुद्धता हेच आमचे व्रत'! छापा, खुशाल छापा. माझ्याच गल्ल्यावर थोड्या प्रती ठेवतो."

तो गेल्यावर गुरुजींनी विचारले, "खूश झालीस?"

"झाले होते. तुमचा चेहरा बघितला आणि राहिले नाही."

"बाळ, ज्या पुस्तकाच्या प्रती तो आनंदाने आपल्या गल्ल्यावर मांडतो, त्या पुस्तकाने आपले एकही गिऱ्हाईक हलणार नाही, हे त्याने ओळखले आहे. तू स्वतःविषयी लिहिलेस, हे त्याच्या बोलण्यातूनच कळले. तुझा मसाला महाग का, हे मात्र कुठे लिहिलेस?"

"ते लिहिलं तर सगळंच उघड होईल. लोक घरी करतील. शेठ शिकेल."

"शिकू दे. त्यानेही देठ खुडायला बायका बसवल्या, तर त्याचाही भाव तुझ्याइतका चढेल आणि गाव चांगले खाईल. घरी करणारे घरी करतील, ते तसेही तुझ्याकडे येत नव्हते. ज्याला पारख नाही, तो केवळ भाव पाहतो. तू पारख शिकव. मग तो माल पाहू लागेल, आणि पाहायला प्रथम तुझ्याच दारी येईल. प्रश्न एकच. तुझा माल त्या पारखेला उतरेल का?"

प्रत्येक गोष्टीत अडखळणारी ती इथे मात्र अडखळली नाही. "उतरेल."

मुलाला थोपटत तिने पुस्तक पुन्हा लिहिले. देठासकट कांडलेली मिरची कशी ओळखावी, दगडफुलात साल किती निघते, जुन्या धण्यांचा वास कसा असतो, सारे त्यात आले. शाल-श्रीफळ गळाले. होळीला पुस्तक छापून झाले. या खेपेस शेठने प्रती मागितल्या नाहीत.

हंगामाच्या ऐन तोंडावर एक बाई पुस्तक काखेत मारून दुकानी आली.

"घरी करून पाहिला हो. देठ खुडून हातांची अशी आग झाली, दिवसभर पोराला घेता आलं नाही. आता तुम्हीच द्या. पण आधी दगडफूल सुपात ओतून दाखवा. तुम्हीच लिहिलंय तसं बघायला."

दुकानदारणीने सूप पुढे केले. बाईने बोटांनी चाळले, पुन्हा चाळले, साल सापडेना. मागून आणखी दोघी सुपात डोकावत होत्या. बाईने पिशवीतून डबा काढून पुढे ठेवला. भाव तिने डबा भरून झाल्यावर विचारला.