गुनवोरचं अर्धं वाक्य

ही गोष्ट मी आज सांगायला नको होती. होड्या समुद्रात असताना ती पुरती सांगू नये, असं आत्या म्हणते. बाबांची होडी कालच परतायला हवी होती. पण गप्प बसलं की मला नुसत्या लाटा ऐकू येतात, म्हणून सांगते. शेवट तेवढा राखून ठेवीन.

नॉर्वेच्या उत्तरेला, आमच्या टेर्नय बेटावर धक्का नव्हता नि दीपस्तंभही नव्हता, तेव्हाची ही हकिकत. इथे गुनवोर नावाची एक विधवा राहायची. खारवलेले मासे खडकांवर वाळत घालणं हे तिचं काम. हात मिठाने फाटलेले आणि डोकं गोष्टींनी भरलेलं. त्या गोष्टी तिने शहरातल्या छापखान्याकडे पाठवल्या. त्या न उघडताच परत आल्या, असं म्हणतात. पुढे कागदही मिळेना. मग तिने शिंपल्यांची पूड माशाच्या तेलात कालवली आणि होड्यांच्या कोठाराच्या डांबरी दारावर गोष्ट लिहायला घेतली.

एका मुलीची गाय डोंगराच्या पोटात नाहीशी होते आणि मुलगी तिला शोधत आत जाते, अशी ती गोष्ट. होड्या निघायच्या दिवशी गुनवोर वाक्य अर्ध्यावर सोडायची. कोळी विचारायचे, "पुढे काय?" ती म्हणायची, "परत या आणि वाचा." आणि ते परत यायचे. कितीही वादळ होवो, त्या दारापुढून गेलेली होडी कधी बुडाली नाही, असं म्हणतात.

एका वर्षी मात्र होड्यांचा म्होरक्या टोर्लाइव्ह चिडला.

"शहरात तुला कुणी विचारत नाही आणि इथे आम्हाला ताटकळत ठेवतेस? शेवट लिही, नाहीतर दार रंगवून टाकतो."

त्याची बायको मारित म्हणाली, "राहू दे की अर्धी. तेवढ्यासाठी तरी घरी येतोस."

सगळे हसले, पण टोर्लाइव्ह हटला नाही. गुनवोरने शेवट लिहिला. मुलीला गाय सापडली, दोघी घरी आल्या. सगळ्यांनी वाचलं, समाधानाने माना हलवल्या आणि होड्या गेल्या.

त्यानंतर धुकं उतरलं. असं धुकं, की बायकांना स्वतःचे पाय दिसेनात. होड्या परतायचा दिवस आला नि गेला. मारित गुनवोरकडे धावत आली.

"गुनवोर, आता त्यांना ओढ कशाची उरली गं?"

गुनवोरने वाळू घेतली, समुद्राचं पाणी घेतलं आणि फाटलेल्या हातांनी तो शेवट घासायला लागली. खारं पाणी जखमांत शिरत होतं, पण ती थांबली नाही. असं म्हणतात, की पुसलेला प्रत्येक शब्द पांढरा पक्षी होऊन दारावरून उडाला आणि किंचाळत धुक्यात शिरला. मग रिकाम्या जागी तिने लिहिलं, "तेवढ्यात गाय वळली आणि म्हणाली,"

पक्ष्यांच्या मागोमाग एकेक होडी धुक्यातून बाहेर आली. एकही माणूस कमी नव्हता. टोर्लाइव्ह उडी मारून उतरला आणि मारितला मागे टाकून थेट दाराकडे पळाला.

"गाय काय म्हणाली?"

"आधी बायकोला विचार ती काय म्हणते!" मारित ओरडली, आणि रडता रडता हसायला लागली.

गुनवोरचं नाव कुठल्या पुस्तकात नाही. तिच्या थडग्यावरही नवऱ्याचंच नाव आहे. पण आजही हंगामाच्या पहिल्या दिवशी बेटावरची एक मुलगी त्या दारावर अर्धं वाक्य लिहिते. यंदा पाळी माझी होती. मला चारचौघांत बोलवत नाही, पण लिहिलं. बाबांनी दोनदा वाचलं आणि विचारलं, "पुढे काय, इंगा?" मी फक्त मान हलवली.

आणि गाय काय म्हणाली, ते इथल्या सगळ्यांना ठाऊक आहे. फक्त शेवटची होडी परतल्याशिवाय कुणी ते

"इंगा! अगं आली! निळ्या पट्ट्याची, आपलीच! बाबा हात हलवताहेत!"

ही आत्या. धक्क्यावरून ओरडतेय. आली! म्हणजे आता सांगायला हरकत नाही. तर गाय वळली आणि त्या मुलीला म्हणाली, की तू

"इंगा, दोर धरायला ये आधी!"

आले आत्या, आले! गाय म्हणाली,