पांगारा फुलला की भिंत

डोंगराच्या कुशीतल्या एका जंगलात, जुन्या बेहड्याच्या ढोलीत, धनेश पक्ष्यांचे एक जोडपे दर वर्षी संसार थाटत असे. मुलांनो, धनेश तुम्ही पाहिला नसेल तर एवढेच ध्यानात ठेवा, की त्याची चोच फार मोठी असते आणि तिच्यामुळे त्याला आपल्या प्रत्येक बोलण्याला वजन आहे असे वाटते. या घराण्यात एक रीत होती. अंडी घालायची वेळ आली की मादीने ढोलीत शिरायचे आणि ढोलीचे तोंड चिखल, फळांचा चोथा आणि चारचौघांत ज्याचे नाव घेत नाहीत अशा एका पदार्थाने लिंपून बंद करायचे. मधे चोच जाईल एवढी फट ठेवायची. आत बसल्यावर मादीची उडायची पिसे गळतात. ती नवी येईपर्यंत तिला बाहेरचे जग बंद. तोवर नराने फळे आणायची आणि फटीतून भरवायची. सापापासून अंडी वाचवायला हा उपाय उत्तम होता. अट एकच, की नराला आणण्यासाठी जंगलात फळे असली पाहिजेत.

भिंत कधी घालायची, हेही ठरलेले होते. पांगाऱ्याला लाल फुले आली, की भिंत. पांगारा फुलला की मागोमाग उंबर पिकतात, हे कुणा खापरपणजोबाने नीट पाहून ठेवले होते. पुढच्यांनी पाहण्याचे कष्ट घेतले नाहीत. त्यांनी ते पाठ केले.

एके वर्षी थंडी आलीच नाही. डोंगराखालच्या माणसांनी हवा तापवून ठेवली होती, पण तसे पांगाऱ्याला कोणी कळवले नव्हते. त्याला वाटले, आपल्यालाच उठायला उशीर झाला. तो घाईघाईने, भलत्याच वेळी, फुलून मोकळा झाला.

धनेशिणीने जंगलावरून एक चक्कर मारली आणि ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, पांगारा फुलला खरा, पण उंबरांवर अजून एकही फळ धरलेलं नाही. जरा थांबू या."

"अगं, आपण पांगारा बघतो," धनेश म्हणाला. "उंबर बघायची आपल्यात पद्धत नाही."

आपल्या आईने कधी अशी शंका काढली नाही आणि आजीने तर नाहीच, हेही त्याने सांगितले. सासूबाई कशाकशाला शंका काढत, याची धनेशिणीला पुष्कळ माहिती होती. पण तिने वाद वाढवला नाही. ती आत शिरली. तिने आतून आणि त्याने बाहेरून चिखल थापला. भिंत सुरेख झाली.

पहिले काही दिवस इकडची तिकडची फळे मिळाली. मग ती कमी होत गेली आणि भाषणे वाढत गेली. धनेश रिकाम्या चोचीने येऊन खोडाला धरून बसे आणि जंगलात शिस्त कशी उरली नाही ते फटीतून सांगे. पांगाऱ्याने आपले कर्तव्य केले होते, आपणही केले होते, कसूर होती ती उंबराची. आत धनेशीण दोन अंड्यांवर बसून ऐकत असे. तिची पिसे गळून तळाशी पडली होती आणि पोट पाठीला लागले होते.

वरच्या फांदीवर राहणारे शेकरू एकदा शेपटी सावरत खाली डोकावले.

"वहिनी, आत छान गारवा असेल नाही? बाहेर नुसतं उकडतंय."

"गारवा आहे हो," धनेशीण म्हणाली. "जेवण तेवढं बाहेर राहिलंय."

एके दिवशी उजाडताना वटवाघळे आपल्या झाडाकडे परतत होती. त्यांतल्या एकाच्या तोंडातून काहीतरी निसटले आणि फटीसमोरच्या फांदीच्या बेचक्यात अडकले. धनेशिणीने डोळा लावून पाहिले. तांबूस, ताजे, अर्धे खाल्लेले फळ होते. उंबराचे नव्हते; उंबराच्याच भाऊबंदांतल्या नांद्रुकाच्या झाडाचे होते. त्याचा वास फटीतून आत आला आणि तिला भोवळ आल्यासारखे झाले.

नवरा आल्याबरोबर तिने त्याला ते फळ दाखवले आणि वटवाघळांकडे जाऊन विचारायला सांगितले. धनेशाला ते मुळीच रुचले नाही. ज्यांना सरळ बसता येत नाही आणि ज्यांच्या जेवणाच्या वेळा अशा विचित्र, त्यांच्याकडे कोणत्या तोंडाने जायचे? शिवाय आपल्या घराण्यात भिंतीआडच्या मादीला पहिला घास उंबराचा देतात, नांद्रुकाचा नव्हे. त्यापेक्षा पांगारा पुन्हा फुलतो का, याची वाट पाहावी, असे त्याचे मत पडले.

धनेशिणीने चोच फटीला लावली.

"ही भिंत साप आत येऊ नये म्हणून घातली आहे, अक्कल आत येऊ नये म्हणून नव्हे. माझी पिसं गळलीत. मला जाता येत नाही. तुम्हाला येतं, आणि तुम्ही इथे बसून बोलताय. उद्या अंडं फुटलं तर पिलाला काय भाषण भरवू?"

धनेश ओढ्याकडे उडाला.

ओढ्याकाठच्या अर्जुनाच्या झाडावर वटवाघळे झोपली होती. उलट्या लटकलेल्यांशी सरळ बोलता येईना, म्हणून धनेशाला मान तिरपी करावी लागली. आयुष्यात प्रथमच त्याने ती कोणासमोर तिरपी केली. एका म्हाताऱ्या वटवाघळाने एक डोळा उघडला.

"आम्ही कुठलं फूल बघून जेवायला बसत नाही हो," ते म्हणाले. "वास आला की जातो. नाही आला तर आणखी पुढे जातो. पलीकडच्या घळीत पाणी झिरपतं ना, तिथलं नांद्रुक पिकलंय. आता झोपू द्या."

धनेश घळीत गेला. गळा भरून नांद्रुके आणली आणि एकेक करून फटीतून आत दिली. धनेशीण खात राहिली. धनेशाने काहीतरी सांगायला चोच उघडली, पण तेवढ्यात आतून आणखी मागणी आली, म्हणून तो पुन्हा घळीकडे गेला.

दोनांपैकी एकच अंडे फुटले. उपासाच्या दिवसांत अंगात ऊब उरली नव्हती आणि दुसरे अंडे थंडच राहिले. धनेशिणीने ते बरेच दिवस पंखाखालून हलवले नाही. धनेशाने फटीतून आत पाहिले. त्या दिवशी त्याने नुसती फळे आणली.

पुढचे वर्ष आले. धनेश आता अनुभवी झाला होता, आणि अनुभवी लोक गप्प बसत नाहीत. उंच फांदीवर बसून त्याने साऱ्या जंगलाला सांगितले, की पांगाऱ्याचा काळ संपला. यापुढे घळीतले नांद्रुक पिकले, की भिंत. शेकराने ते लगेच पाठ केले.

नांद्रुक पिकले. धनेश चोचभर चिखल घेऊन ढोलीशी हजर झाला, तर धनेशीण जागेवर नाही. ती दिवस कलताना आली.

"घळ बघून आले," ती म्हणाली. "नांद्रुक पिकलंय खरं, पण थोडंच आहे, लवकर संपेल; आणि आपल्या बाजूचे उंबर अजून कच्चे आहेत. आत्ता बसले, तर पुन्हा गेल्या वर्षीसारखं होईल."

धनेशाने चिखल फांदीवर ठेवला. "अगं, पण मी सगळ्यांना सांगून बसलोय. लोक काय म्हणतील?"

"लोकांना कुठे आत बसायचंय?" धनेशीण म्हणाली. "बसायचंय मला."

धनेशाने चिखल पुन्हा चोचीत धरला आणि तो वाट पाहत राहिला. चिखल वाळून चोच चिकटली, आणि जंगलाला काही काळ शांतता लाभली. मग दोघेही रोज उंबरांवरून फिरून येऊ लागली. फांद्याफांद्यांवर लाली दिसली, तेव्हा धनेशीण आपणहून ढोलीत शिरली आणि म्हणाली, "आणा आता चिखल."

त्या वर्षी फटीतून पिलांच्या दोन चोची बाहेर आल्या.

भिंत फुटली, पिले उडायला शिकली, तेव्हा त्यांतल्या मुलीने आईला विचारले, "आई, भिंत कधी घालायची?"

"पोटभर फळं दिसतील तेव्हा."

"आणि ती दिसणार कशावरून?"

"उडून," आई म्हणाली.

तात्पर्य : पूर्वजांनी जंगल पाहून रीत घातली होती. जंगल बदलले तरी आपण रीतच पाहत बसलो, तर उपास घडतो तो भिंतीआड बसलेल्याला.