रांजणमठाच्या पोथीची सात पानं

या, पुढे या, पण हात मागे ठेवा. फोटो काढा हवे तेवढे, पानाला बोट लावायचं नाही.

ही रांजणमठाची पोथी. एकशे आठ पानं. किनार बघा कशी झळकतेय! पिवळ्या जमिनीवर तांबडी वेल, वेलीत पोपट, मासे, कमळं. आणि आता ही शेवटची सात पानं बघा. अक्षरं सगळी आहेत, किनारीला मात्र काहीच नाही. येणारा प्रत्येक जण विचारतो, रंग उडाला का हो? अहो, उडायला आधी तो लागायला नको का?

असं सांगतात, की पाच-सहाशे वर्षांमागे या गावात चिताऱ्यांची आळी होती. त्यात रेवाजी चितारी म्हणून एक होता, हाताचा अगदी पक्का. बायको बाळंतपणात गेली, मागे एकच लेक, लखाई. पाच वर्षांची असताना तिला देवी आल्या. अंगावर तिळाएवढी जागा उरली नाही. रेवाजीने मठाच्या पायरीवर डोकं आपटलं आणि नवस बोलला, "पोर वाचव देवा, एकशे आठ पानांची पोथी रंगवून तुला वाहीन." पोर वाचली.

पण पोथी लिहून हातात यायलाच दहा वर्षं गेली. अकरा पानं रंगवून होतात न होतात तोच रेवाजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. कुंचल्याचं टोक दिसेना. नवस थकला की देव दिलेलं परत नेतो, असं आळीत बोललं जायचं. लखाई नुसती शिंकली तरी म्हातारा मठाच्या दिशेने हात जोडायचा.

शेवटी लखाईच म्हणाली, "आबा, मी भरते रंग. तुम्ही बाहेर ओट्यावर बसा. आत कोण बसलंय ते कोणाला कळतंय?"

बाईने पोथीला कुंचला लावायचा नाही, अशी तेव्हाची रीत. रेवाजी दोन दिवस जेवला नाही म्हणे. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "देव समजून घेईल."

आणि पोरीचा हात काय होता! रंग घोटताना, पाणी देताना ती बापाचं बघून बघूनच शिकली होती. तिच्या वेली बापाच्याही वर गेल्या. ही बाविसाव्या पानावरची मासोळी तिचीच.

आता ही पिवळी जमीन हरताळीची. हरताळ म्हणजे खाणीतून निघणारा पिवळा दगड. घोटून डिंकात कालवला की सोन्यासारखा दिसतो, आणि पोटात गेला तर माणूस मारतो. चिताऱ्यांना ते पक्कं ठाऊक होतं, पण घरच्या बायकांना सांगायचं नाही! घरात विष आहे हे चुलीपाशी कळलं तर कोणाच्या भाकरीत काय पडेल, ही भीती. मेल्यांचा आपल्याच माणसांवर विश्वास नव्हता, दुसरं काय? म्हणून मुलगा हाताशी आला की दसऱ्याला कुंचला देताना बाप ते त्याच्या कानात सांगायचा. लखाईला कुंचला कोणी दिलाच नव्हता, तिने तो घेतला होता. तिला सांगायचं रेवाजीच्या डोक्यातच आलं नाही.

काजळाची बारीक रेघ ओढताना रेवाजी कुंचला ओठांत धरून टोक काढायचा. लखाईने लहानपणापासून तेच पाहिलेलं. काजळाला चालतं, हरताळीला नाही, हे तिला कळणार कसं?

चाळिसाव्या पानाला तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. साठाव्याला उलट्या. मग तळहात खरखरीत झाले, केस पुंजक्यांनी हातात येऊ लागले. वैद्य म्हणाला पित्त आहे. शेजारणी म्हणाल्या, नवस लांबला, देव रागावलाय. रेवाजीला तेच पटलं. तो रोज दाराशी बसून विनवायचा, "ऊठ गं बाळे, आणखी एक पान कर. रथसप्तमीला पोथी वाहायची, त्याच्या आत पुरं झालं की सुटशील." आणि ती उठायची.

एकशे एक पानं झाली. त्या सकाळी कुंचला तिच्या बोटांतून गळून पडला. ती म्हणाली, "आबा, या पिवळ्याची चव तोंडातून जातच नाही."

"पिवळं तोंडात कसं गेलं?"

"टोक काढताना. तुम्ही काढता ना, तसंच."

पित्त नव्हे, देवाचा राग नव्हे, हरताळ, हे रेवाजीला तेव्हा कळलं. त्याने चाचपडत तिला दूध पाजलं, तूप पाजलं, आळीभर ऊर बडवत फिरला. लखाई म्हणत राहिली, "सातच राहिलीत आबा, द्या कुंचला." तो म्हणाला, "जळो तो नवस!" आणि कुंचला चुलीत घातला. नवव्या दिवशी लखाई गेली.

रथसप्तमीला रेवाजी पोथी डोक्यावर घेऊन मठात आला. मठाधिपती म्हणाले, उरलेली पानं दुसऱ्याकडून भरून घेऊ. रेवाजी म्हणाला, "ती कोणी भरायची नाहीत." मग त्याने देवाकडे पाठ केली, जिकडून बांगड्या वाजत होत्या तिकडे तोंड केलं आणि ओरडला, "ऐका गं लेकींनो! हरताळ विष आहे. कुंचला तोंडात घालू नका." चितारी धावून गेले, त्याचं तोंड दाबलं, पुढे त्याला वाळीत टाकलं. पण बोलायचं ते बोलून झालं होतं. बायका खाली माना घालून उभ्या होत्या. एकीच्याही तोंडून शब्द फुटला नाही.

चिताऱ्यांची आळी कधीच उठली. हरताळीचा खडा गावात कोणी डोळ्यांनी पाहिलेला नाही. पण आजही रथसप्तमीला पोथी वाचायला सोडण्याआधी पुराणिक देवाकडे पाठ करतो, बायकांकडे तोंड करतो आणि तेच शब्द मोठ्याने म्हणतो. देवाचं नाव त्याच्यानंतर. सगळ्या बायका, कडेवरच्या पोरींपासून काठी टेकणाऱ्या म्हाताऱ्यांपर्यंत, एका आवाजात उत्तर देतात, "ऐकलं, आबा."