‘येतो’

मालवणच्या पाणबुड्यांच्या क्लबाचे अध्यक्ष खोबरेकर म्हणजे भलताच मोठा आवाज. क्लबासाठी मनगटावरचे डाइव्ह कॉम्प्युटर, म्हणजे पाण्यातून वर कसं यायचं ते सांगणारी यंत्रं, घ्यायची होती. पुढ्यात दोन प्रकार होते. एकाचं गणित माणसाला खोलातून भराभर वर आणी. दुसऱ्याचं वाटेत थांबवून अंगात मुरलेला वायू निघू देई. तो राहिला, की रक्तात त्याचे बुडबुडे होऊन माणूस लुळा पडतो.

“थांबवतं ते भित्रं!” अध्यक्ष गरजले. “नसेल, तर एका शब्दात पटवा!”

प्रशिक्षक रेवती कुबल म्हणाली, “साहेब, समुद्रावर निघताना वहिनींना काय सांगता?”

“येतो.”

“झाला की एक शब्द! ‘जातो’ म्हणत असाल, तर भराभरवालं घ्या.”

अध्यक्षांनी समोरच्या अथांग पाण्याकडे पाहिलं, थांबवणारं मनगटावर बांधलं आणि होडीत चढताना पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले, “येतो हं.”